ग्राहकाचे समाधान केले

"काका, गाडीला कळतं कसं हो, आपली वॉरंटी संपली ते?"

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे विचारला मी, पण ठरवला आमच्या टोळीने, मधल्या सुट्टीत, जिन्यावर बसून. लांबी म्हणाली, "तू नुसती आमच्यापुढे तावातावाने बोलतेस. तिथे त्या काचेच्या शोरूममध्ये सगळ्यांसमोर विचारून दाखव." चष्मा म्हणाली, "आणि मोठ्यांदा. पुटपुटलीस तर धरणार नाही."

पुटपुटणं माझं जुनं दुखणं. आठवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' अशा आवाजात म्हणायचे की बाई माझी गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. मग नववीत एकदा वादविवाद स्पर्धेत आजारी मुलीच्या जागी मला ढकललं, आणि माझा आवाज फुटला. मुलांचा फुटतो तसा नाही, गच्चीवरची टाकी फुटते तसा. तेव्हापासून माझं नाव भोंगा. मला ते फार आवडतं.

तर शोरूमला लागून सर्व्हिस सेंटर आणि मध्ये ग्राहकांची बैठक. तिथे पांढरे सोफे आहेत, फुकट कॉफीचं यंत्र आहे आणि भिंतभर टीव्ही, ज्याच्यावर एक गाडी रिकाम्या डोंगररस्त्याने सारखी वळणं घेत असते. समोर माणसं दवाखान्यात बसावीत तशी बसलेली. मी मध्यभागी उभी राहिले आणि विचारलं. कोपऱ्यातल्या एका आजोबांना इतकं हसू आलं की त्यांची कॉफी पांढऱ्या सोफ्यावर सांडली. बाबा माझ्या मागे उभा होता, त्याने कपाळाला हात लावला.

ज्याला विचारलं तो सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर, म्हणजे गाडी घेऊन गेलं की वहीबिही घेऊन आपलं ऐकून घेतल्याचं नाटक करतो तो. आमच्या घरात त्याचं नाव हसरा. तो कायम हसतो. तुमची गाडी जळून खाक झाली असं सांगायचं असलं तरी तो आधी दात दाखवेल.

"बेटा," तो हसत म्हणाला, "गाडीला नाही कळत. सिस्टीमला कळतं."

आणि हे त्याने विनोद म्हणून सांगितलं नाही हो! मनापासून, माहिती म्हणून सांगितलं.

आता झालं काय होतं ते सांगते. माझी आई घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. ज्यांना लॅबपर्यंत जाववत नाही, म्हातारी माणसं, बाळंतिणी, त्यांच्याकडे सकाळी साडेसहापासून जायचं, रक्त काढायचं, बर्फाच्या पेटीत नळ्या ठेवायच्या आणि नऊच्या आत लॅबला पोचवायच्या. गाडी आईच्या नावावर आहे आणि त्या कामासाठीच घेतलेली आहे. दहा दिवसांपूर्वी एका अरुंद गल्लीत डावीकडे वळताना स्टीअरिंग एकदम दगडासारखं झालं. ते हलकं फिरावं म्हणून आत एक मोटर असते, ती बंद पडली. आईने दोन्ही हातांनी जोर लावला तरी गाडी सरळच गेली आणि फुटपाथवर चढून कुणाच्या तरी कुंड्यांना जाऊन भिडली. आई ठीक, नळ्या ठीक, दोन कुंड्या गेल्या. आईने कुंड्यांच्या मालकिणीची माफी मागितली, पेटी खांद्याला लावली आणि उरलेली सहा घरं पायी केली.

वॉरंटी तीन वर्षांची होती. ती संपून तेवीस दिवस झाले होते.

मोटर एकटी मिळत नाही म्हणे. स्टीअरिंगचा पूर्ण संच बदलायचा. हसऱ्याने जो आकडा सांगितला तो आईच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढा होता. तो सांगतानाही तो हसत होता.

"पण मी आवाजाचं सांगितलं होतं ना तुम्हाला," बाबा म्हणाला. "मागच्या सर्व्हिसिंगला. त्याच्या आधीच्यालाही."

"सर, आवाज वेगळा, मोटर वेगळी."

"आवाज मोटरचाच होता."

"सर, असं वाटतं माणसाला. कानाला भास होतात कधीकधी."

मी इथे थांबून सांगते की माझा बाबा काय करतो. तो लोकांना कानाची मशीनं बसवून देतो. बावीस वर्षं. काचेच्या बंद खोलीत लोकांना बसवतो, बारीक बारीक आवाज ऐकवतो आणि कुणाला कुठला ऐकू येत नाही ते शोधतो. शेजारच्यांच्या फ्रीजचा पंखा बिघडणार हे तो भिंतीपलीकडून आठवडाभर आधी सांगतो. अशा माणसाला हा दात्या सांगतोय, भास! न्हाव्याला केस म्हणजे काय ते शिकवण्यातला प्रकार.

आणि बाबा काय म्हणाला? "बरं."

बाबाचं 'बरं' म्हणजे एक आजार आहे. रिक्षावाला लांबून नेतो, बरं. दुकानदार नासका आंबा देतो, बरं. त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघायचा असेल तर आधी त्याला घसा खाकरावा लागतो, आणि खाकरून होईपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. त्या दिवशी बसने घरी येताना मी त्याला म्हटलंच, "बाबा, तू त्यांना घाबरतोस."

"घाबरत नाही गं. भांडून आवाज वाढतो, काम वाढत नाही."

"ते वाक्य फ्रेम करून त्या हसऱ्याला दे. बैठकीत लावेल."

तो हसला. माझा बाबा स्वतःवरच्या विनोदाला पहिला हसतो, त्यामुळे त्याच्यावर रागावण्यात मजा येत नाही.

घरी आल्यावर मी गाडीची फाईल काढली. आमच्या घरात ही फाईल म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी आहे, जिच्यात विम्याचे कागद, पेट्रोलच्या पावत्या आणि का कोण जाणे माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक आहे. त्यात वॉरंटीचं पुस्तक होतं. तीन वर्षं ते सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं होतं. मोठी माणसं! मला म्हणतात धडा वाच, प्रस्तावना वाच, तळटिपा वाच, आणि स्वतः आयुष्यातली सगळ्यात महाग वस्तू घेतात ती पुस्तकाचा कागदही न फाडता.

मी फाडला. आणि सगळं पुस्तक वाचलं, बसून. एकोणतीस पानं. बहुतेक पानांवर कशाकशाची वॉरंटी नाही तेच लिहिलंय. टायर नाही, बल्ब नाही, वायपर नाही, उंदरांनी कुरतडलं तर नाही. मला वाटायला लागलं की शेवटी 'गाडी म्हणून जी दिसते तिचीही नाही' असं येणार. पण सव्विसाव्या पानावर तळाला, मुंगीच्या अक्षरात, एक वाक्य होतं: 'वॉरंटीच्या मुदतीत लेखी नोंदवलेला व दुरुस्त न झालेला दोष मुदत संपल्यानंतरही वॉरंटीत धरला जाईल.'

मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरून काठी वाजली.

मग जॉब कार्डं शोधली. जॉब कार्ड म्हणजे गाडी देताना हसरा जो कागद भरतो तो. एका रकान्यात 'ग्राहक म्हणतात', दुसऱ्यात 'केलेले काम'. आठ महिन्यांपूर्वीचं कार्ड प्रगतिपुस्तकाला चिकटलेलं सापडलं. त्या दिवशी मीही बाबाबरोबर होते, मला आठवतं. बाबाने हसऱ्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं होतं की आवाज डावीकडे वळताना येतो, चाक अर्धं फिरल्यावर येतो, कानाशी डास आल्यासारखा आहे पण एकाच सुरात आहे, आणि गाडी तापली की सूर चढतो. एवढं सगळं ऐकून त्या विद्वानाने 'ग्राहक म्हणतात'मध्ये लिहिलं होतं: 'स्टीअरिंगमधून आवाज'. आणि 'केलेले काम'मध्ये: 'तपासले. ग्राहकाचे समाधान केले.'

बस्स. मोटर बदलली नाही, उघडली नाही, एखादा स्क्रू पिळला असंही नाही. समाधान केले!

"बाबा, हे वाच. समाधान केले."

"केलं होतं खरं. कॉफी दिली होती."

"बाबा!"

आई बर्फाची पेटी धुत होती. तिच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता, दहा दिवसांचा. ती म्हणाली, "जे काय करायचं ते लवकर करा रे दोघं. कालसुद्धा मी साडेनऊला पोचले. लॅबवाले म्हणालेत, सोमवारपासून नमुने वेळेत आले नाहीत तर माझी घरं त्या मोटरसायकलवाल्याला देणार." तिने हे भांडी घासून झाली असं सांगावं तसं सांगितलं. पण तिने पेटी तीनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. सुटल्यावर मी आणि बाबा परत गेलो. मी गणवेशातच. हसऱ्याने आम्हाला थेट मॅनेजरकडे नेलं, कारण बैठकीत मला कोणी बोलू देणार नव्हतं हे उघड होतं. सोफ्यावरचा कॉफीचा डाग अजून होता.

मॅनेजरला आम्ही नंतर टाय म्हणायला लागलो. त्याचा टाय पोटावरून घसरून खुर्चीच्या काठापर्यंत पोचला होता आणि बोलताना तो त्याला मांजरासारखा कुरवाळत होता. त्याच्या खोलीलाही काचेच्याच भिंती. मागे फळीवर काचेच्या ढाली, प्रत्येकीवर 'सर्वाधिक समाधानी ग्राहक' आणि वर्ष. सात होत्या. तेच समाधान, फळीवर मांडलेलं.

मी पुस्तक ठेवलं, सव्विसावं पान उघडून. शेजारी जॉब कार्ड ठेवलं.

"मुदतीत लेखी नोंदवलेला दोष," मी म्हटलं. "ही तारीख, मुदत संपायच्या सात महिने आधीची. ही तुमच्या माणसाची सही."

टायने बाबाकडे पाहिलं. मी बोलले तरी तो उत्तर बाबाला देत होता, मी जणू बाबाचा मोबाईल आहे आणि चुकून स्पीकरवर पडलाय. "सर, पण पुढचं वाचा ना. 'दुरुस्त न झालेला'. इथे तर लिहिलंय, समाधान केले."

"कोणाचं?" मी विचारलं.

"ग्राहकाचं."

"आणि गाडीचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे बिघाड गाडीत होता की बाबात? आमच्या गणिताच्या बाई तास संपताना शंकासमाधान करतात. त्याने गणित सुटत नाही हो, मुलं फक्त विचारायची बंद होतात. तुम्ही आवाजाचं काय केलंत ते दाखवा. एक ओळ दाखवा."

टायने कार्ड उलटं केलं. मागे काही नव्हतं. हसऱ्याचं हसू जरा खाली आलं, पडदा ओढताना अडकतो तसं अर्ध्यावर थांबलं.

"मुलगी वकील होणार वाटतं," टाय बाबाला म्हणाला.

आणि बाबाने घसा खाकरला. मी मनात म्हटलं, चल, आता बरं येणार. पण तो म्हणाला, "काय व्हायचं ते होईल. तिचा मुद्दा बरोबर आहे. तुम्ही त्याचं उत्तर द्या."

मला उडी मारावीशी वाटली! माझ्या बाबाने समोरच्याला उत्तर मागितलं!

टायने संगणक स्वतःकडे वळवला, बोटाने शोधलं, बराच वेळ शोधलं आणि मग खुर्चीत मागे रेलला. पत्ते खेळताना चष्माकडे हुकूम असला की ती तशी रेलते.

"सर्व्हिसिंगनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही ग्राहकाला फोन करतो," तो म्हणाला. "गाडी मॅडमच्या नावावर, फोन मॅडमना. सगळं रेकॉर्ड होतं. ऐकता?"

आणि त्याने लावलं.

एक गोड बाई विचारते, "मॅडम बोलताय ना?"

"हो, मीच बोलतेय. बोला."

"मॅडम, आपली स्टीअरिंगची तक्रार पूर्णपणे दूर झाली का?"

"हो हो. अगदी पूर्णपणे."

"आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

"दहा! त्या काकांना, म्हणजे त्यांना, दहाच द्या."

तो आवाज आईचा नव्हता.

आता मला हे सांगावं लागणार. आठ महिन्यांपूर्वी, एका संध्याकाळी, आई अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. मी उचलला. ती बाई म्हणाली, मॅडम बोलताय ना? मला आयुष्यात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. स्पर्धा होऊन आठवडा झाला होता, माझा आवाज नवा कोरा होता, आणि एका परक्या मोठ्या बाईला तो मोठ्या बाईचा वाटला! मला इतकं भारी वाटलं की मी आणखी जाड आवाज काढला. सर्व्हिसिंगनंतर गाडी परत घेताना हसरा बाबाला गयावया करून सांगत होता, सर, फोन येईल, दहाच सांगा हं, आमच्याकडे नऊ म्हणजे शून्य, माझा पगार कापतात. मी म्हटलं, देऊन टाकू. मला काय माहीत, तो आवाज येत होता की गेला होता? मी मागच्या सीटवर कानात गाणी घालून बसते.

फोन ठेवल्यावर मी विसरून गेले. कोणाला सांगायचं सुद्धा सुचलं नाही.

मी त्या काचेच्या खोलीत उभी होते आणि माझे कान तापले होते. बाबाने डोळे मिटले होते, मान उजवीकडे कलली होती. गिऱ्हाइकाचं मशीन जुळवताना तो असाच बसतो. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "पुन्हा एकदा लावता?"

मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि मी सरळ तळघरात, त्या उघड्या गाड्यांच्या खाली जाऊन पडावं.

टायने पुन्हा लावलं. दहा! त्या काकांना, म्हणजे त्यांना. मॅडम म्हणे. जी मॅडम हसऱ्याला काका म्हणते तिचं वय काय असेल हा विचार त्या सात ढालींच्या मालकाच्या डोक्यात आला नाही. हसऱ्याच्या तर नाहीच नाही, तो दहा ऐकून पुन्हा पूर्ण हसायला लागला होता.

"मॅडमच आहेत ना, सर?"

"आमच्याच घरातला आवाज आहे," बाबा म्हणाला.

मग टाय एकदम उदार झाला. जिंकलेली माणसं होतात तशी. म्हणाला, कंपनीची सद्भावना म्हणून आम्ही तीस टक्के सूट देऊ, फक्त मॅडमची एका कागदावर सही लागेल, की आमची कसलीही तक्रार उरलेली नाही आणि पुढे कुठेही करणार नाही. बाबाने कागद घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. "संध्याकाळी सही करून आणून देतो," तो म्हणाला.

बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला आधी काय वाटलं ते खरं लिहिते: हायसं वाटलं. ओळखलं नाही त्याने! बावीस वर्षं कानांचं काम करतो आणि स्वतःच्या पोरीचा आवाज ओळखता येत नाही. मग मला त्याचा रागही आला. एक रेकॉर्डिंग लावलं काय आणि हा लगेच घड्या घालून निघाला काय. तीस टक्क्यांत विकला गेला. चुकी माझी आणि तिरस्कार त्याचा, एवढं सगळं मी पाच थांब्यांत करून दाखवलं.

घरी आई जेवणाची ताटं घेत होती. बाबाने कागद उलगडून टेबलावर ठेवला आणि सांगितलं.

"मी?" आई म्हणाली. "मी असं बोलले? मला कधी आला फोन?"

"आला असेल. तू कामाच्या घाईत असतेस."

"अरे पण पूर्णपणे दूर झाली असं मी कशाला म्हणेन? मीच तर तुला सांगत होते, आवाज वाढलाय म्हणून."

"जाऊ दे ना. होतं असं."

"रेकॉर्डिंगमध्ये आहे?"

"आहे."

आई खुर्चीवर बसली. तिने कागद वाचला, एकदा, मग परत वरून. "म्हणजे मीच माझ्या तोंडाने घालवलं," ती म्हणाली. "डोकं कुठे असतं माझं हल्ली. परवा एका आजोबांच्या नळीवर मी दुसऱ्यांचं नाव लिहीत होते, वेळेत कळलं म्हणून. आता हेही." तिने पेन मागितलं.

माझी आई नळीवर नाव लिहिताना चुकत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. या दहा दिवसांत ती पहाटे पाचला उठून बसने जाते म्हणून एकदा चुकणार होती, आणि आता तिला वाटायला लागलं होतं की आपलं डोकं चालत नाही.

बाबाने पेन दिलं. आईकडे बघून दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाबा माणसाकडे तोंड केल्याशिवाय कधीच बोलत नाही. त्याची अर्धी गिऱ्हाइकं ओठ बघून ऐकतात, त्यामुळे त्याला ती सवयच आहे. आम्ही त्याला चिडवतो, भाजीवाल्याशी बोलतानाही हा फोटो काढायला उभा राहिल्यासारखा समोर येतो. आणि त्या काचेच्या खोलीतून निघाल्यापासून त्याने माझ्याकडे एकदाही तोंड केलं नव्हतं. बसमध्ये नाही. जिन्यात नाही. 'हात धू' म्हणाला तेही बेसिनला.

"बाबा," मी म्हटलं, "तुला कळलंय."

तो ताटाकडे बघत राहिला.

"काय कळलंय?" आई म्हणाली.

"आई, सही नको करू. तो आवाज माझा आहे. तू अंघोळीला गेली होतीस. त्यांनी मला मॅडम म्हटलं आणि मी... मला मजा वाटली. मी दहा दिले."

घरात इतकी शांतता झाली की शेजारच्यांचा फ्रीज ऐकू आला, मलासुद्धा.

"कार्टे!" आई म्हणाली. मग बाबाला, "आणि तुला माहीत होतं? तू मला तोंडावर सांगतोस, घाईत असतेस म्हणून? मी वेडी झाले असं मला वाटलं असतं तरी चाललं असतं तुला?"

"तुझी मी नंतर माफी मागणार होतो," बाबा म्हणाला. मग त्याने खुर्ची वळवली आणि माझ्याकडे तोंड केलं, पूर्ण, गिऱ्हाइकाकडे करतो तसं. "पहिल्यांदाच ओळखलं. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं ते खात्रीसाठी नाही. वाटलं, दुसऱ्यांदा तरी दुसरं कोणी निघेल."

"मग तिथेच का नाही बोललास?"

"त्या दोघांसमोर? तू पंधराची. दुसऱ्याच्या नावाने फोनवर बोललीस. ते तुला उभं करणार, पुन्हा पुन्हा ते लावणार आणि हसणार. मोटरचा हिशोब मी कसाही भागवला असता. तू आठवीपर्यंत कशी बोलायचीस ते मला माहितीये बाळा. परत तशी झाली असतीस तर मी काय करणार होतो?"

मला वर्गात पहिल्यांदा बोलताना सुद्धा इतकं जड गेलं नव्हतं. मी त्याला घाबरट म्हणाले होते. मी त्याला विकला गेलेला म्हणाले होते, मनात का होईना. आणि हा माणूस अडीच महिन्यांचा पगार आणि आईची बोलणी खिशात घालून, चार घड्या घालून, गप्प बसने घरी आला होता.

पण माफी मागत बसायला वेळ नव्हता, आईच्या हातात अजून पेन होतं.

"आई, ऐक. त्यांच्याकडे समाधान केले सोडून काहीच लिहिलेलं नाही. म्हणून त्यांना ते रेकॉर्डिंग लागतं. ते तुझं नाही असं ठरलं की त्यांच्याकडे काही उरत नाही. उरतं फक्त सव्विसावं पान. आणि ग्राहक मंचाला वकील लागत नाही, मी चौकशी केलीय, साधा अर्ज चालतो, वॉरंटी संपली तरी चालतो."

"आणि महिने लागले तर?" आई म्हणाली. "सोमवार परवावर आलाय. लॅबवाल्यांना तुझं सव्विसावं पान दाखवू का?"

"ते तुला हसतील," बाबा मला म्हणाला. "त्या टायवाल्याला मी ओळखतो आता. तो सगळ्या दुकानाला बोलवून ऐकवेल."

"ऐकवू दे."

"बये, विचार कर."

मी केला. खरंच केला, ताटातला भात गार होईपर्यंत. टाय आपला टाय कुरवाळत हसतोय हे डोळ्यांसमोर आणलं. हसरा सगळ्यांना सांगतोय, ही बघा ती मॅडम. ते आजोबा परत असतील तर त्यांची कॉफी परत सांडेल, यावेळी माझ्यावर हसून. हे सगळं आणून बघितलं, आणि मला त्या माणसांच्या हसण्याची मुळी किंमतच वाटेना. ज्यांना पंधरा वर्षांच्या पोरीचा आवाज बाईचा वाटतो आणि बिघडलेल्या मोटरचा आवाज भास वाटतो, त्यांचे दात मोजायचे कशाला?

मी आईच्या हातातून पेन घेतलं. तो कागद उलटा केला, त्याच्या मागची बाजू कोरी होती. उभी राहिले, आणि दोघांना सांगितलं.

"आई, बाबा, सही कोणी करायची नाही. मी लिहून देणार आहे, माझ्या नावाने आणि माझ्या सहीने, की त्या दिवशी फोनवर मी बोलले, आई नाही, आणि आवाज गेलाय की नाही ते मला माहीतही नव्हतं. आत्ता लिहिते. सोमवारी शाळा सुटल्यावर त्याची एक प्रत त्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवीन, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. त्याने मोटर बदलली नाही तर दुसरी प्रत ग्राहक मंचात. तिथे बोलवलं तर मी बोलेन. आणि तोवर रोज सकाळी पहिल्या चार घरांच्या नळ्या मी बसने लॅबवर नेणार, पुढची घरं तू कर. मला पाचला उठव."

मग मी खाली बसले आणि लिहायला लागले.